वाढत्या अंगाचं माप

सोमवार, ६ तारीख

आज दुपारी शिस्तराव बाबांना म्हणाला, "माया ठेवू नका," आणि त्या क्षणी माझं आतापर्यंतचं आयुष्य संपलं. वाक्य मोठं झालं. होऊ दे. ही वही मी कवितांसाठी आणली होती. सुरुवातीच्या पानांवर टाचणीसाठी केलेल्या कवितांच्या नुसत्या सुरुवाती आहेत, सगळ्या भिकार. यापुढे वहीत हेच.

झालं असं. आमचं दुकान शिंप्याचं. पुढे मशिनं, मागे आम्ही राहतो. बाबा कापतात आणि शिवतात, टाचणी, आमच्याकडे कामाला येणारी मुलगी, काज-बटणं करते, मी कॉलेज सोडल्यापासून इस्त्री मारतो. शाळेचे गणवेश हे आमचं खरं पोट. गेल्या आठवड्यात हा माणूस आला, मातकट हिरव्या कापडाचे ताके घेऊन. मुलांच्या शिबिराचे कपडे शिवायचे म्हणाला. दर वाक्याला शिस्त, शिस्त. म्हणून मी त्याचं नाव शिस्तराव ठेवलं. शिबिर नदीपलीकडे. नदीपलीकडे काय चाललंय ते वारा इकडचा असला की आम्हाला घरात बसून ऐकू येतं. फटाके कोणी वर्षभर उडवत नाही.

नमुना बेतायला त्या वयाचा मुलगा हवा होता, म्हणून माझ्या धाकट्या भावाला आतून बोलावलं. सातवीत आहे. नवे कपडे घालून आरशासमोर उभा राहिला. बाबांनी सवयीने त्याच्या पँटचा पाय आत दुमडला आणि म्हणाले, "चार बोटं माया ठेवतो. बाहीलाही ठेवतो. वाढत्या अंगाची पोरं, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतील."

हे बाबा प्रत्येक आईला म्हणतात. आईने सांगायच्या आधी म्हणतात. शिवणीच्या आत दुमडलेलं ते जास्तीचं कापड नसेल तर मुलांचा कपडा शिवलाच कशाला, असं त्यांचं मत.

"माया ठेवू नका मास्तर," शिस्तराव म्हणाला. "पुढच्या वर्षी लागत नाहीत हे."

लागत नाहीत! कागदी पेल्यांबद्दल बोलावं तसं.

बाबांचा हात जरा थांबला. मग त्यांनी दुमड उलगडली आणि म्हणाले, "बरं."

बरं! माझा बाप!

आणि धाकट्याने आरशाला सलाम ठोकला. शिस्तरावाने टाळी वाजवली. माझ्या इस्त्रीखाली कुणाची तरी कॉलर जळत होती ती मला टाचणी ओरडल्यावर कळली.

मंगळवार

बाबांशी भांडलो. म्हणजे मी भांडलो, ते खडू घेऊन कापडावर रेघा मारत होते.

"ती पोरं कुठे नेतायत कळतं का तुम्हाला?"

"शिबिराला."

"शिबिराला नेलेल्या मुलाचे कपडे पुढच्या वर्षी का लागत नाहीत?"

"जरा सरक, उजेड अडतोय."

आतून आई म्हणाली, "कॉलेज सोडलंस तेव्हा विचारलं होतंस का कुणाला? मग आता आमचीच उलटतपासणी कशाला?" वास्तविक कॉलेजचा इथे काय संबंध! पण आमच्या घरात कुठल्याही विषयाची गाडी शेवटी माझ्या कॉलेजवर येऊन थांबते.

चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, "शिबिराला परवानगी आहे. तुझ्या भावाला वळण लागेल. लहानपणी तुला पाठवलं असतं तर तुलाही लागलं असतं." मग शाळेत गेलो. हेडसरांनी मला पाणी दिलं, पंखा लावला आणि सांगितलं की देश कठीण काळातून जातोय. देश कठीण काळातून जातोय तर हेडसरांनी स्वतः जावं ना नदीपलीकडे! त्यांच्या मापाचा गणवेश मी फुकट शिवून देतो, घेराला हवं तेवढं कापड घालून. हे मी त्यांना सांगितलं. पंखा बंद झाला.

गल्लीतल्या दोन-तीन घरांतही गेलो. त्यांना सांगितलंय की सुट्टीतले खेळ आहेत, पोहणं आहे, येताना प्रमाणपत्र आहे. मी बोलत होतो आणि ती माणसं माझ्याकडे बघत होती. अर्धवट शिकलेल्या मुलाचं पूर्ण कोण ऐकतो?

गुरुवार

टाचणीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

तिच्या ओठांत सतत टाचण्या धरलेल्या असतात म्हणून ते नाव. तोंडात टाचण्या असल्या की ती नुसतं हुं करते, आणि तिच्या हुंचे प्रकार मला पाठ आहेत. आज शिस्तराव आला तेव्हा तिने टाचण्या काढून ठेवल्या. माझ्याशी बोलताना कधी काढल्या नाहीत! त्याच्यासाठी चहा आणला. वर हसली. "साहेब, शिबिर दरवर्षी तिथेच असतं का? मागच्या वर्षीची मुलं पण तिथेच असतील ना? ट्रक तुमचाच असतो की भाड्याचा?" तोही पाघळला. जिच्यासमोर मी वर्षभर इस्त्रीच्या वाफेत उकडतोय ती त्या माणसाच्या ट्रकची चौकशी करते!

आणखी एक. तिच्या पिशवीत कुणाचा तरी शर्ट आहे. निळा, जुना. जेवणाच्या सुट्टीत ती पाठ करून बाहीची शिवण उसवत बसली होती. मी जवळ गेल्यावर पटकन पिशवीत घातला. कुणाचा शर्ट? मी विचारलं तर म्हणाली, "आहे एकाचा." माणूस अंगाने लहानखुरा दिसतो. मला आरशात बघावंसं वाटलं. बघितलं. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

शुक्रवार

बाबांनी आज अख्खा ताका चुकीचा कापला. बाबांनी! सगळे तुकडे उलटे पडले म्हणाले. शिस्तरावाला निरोप गेला, त्याने कटकट करून दुसरा ताका पाठवला. वाया गेलेला आतल्या पलंगाखाली सरकवला.

मला आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं. म्हातारे झाले बाबा. पण म्हातारपण काय असल्या कामावर घालवायचं?

आणि परवापासून मधलं मशीन बंद आहे. पट्टा सैल झालाय म्हणे. पट्टा मी बदलून देतो म्हटलं तर, "तू हात लावू नकोस." माझा हात मशीनलाही चालत नाही.

सोमवार, १३ तारीख

आज मी गाढवपणा केला, असं सगळ्यांचं मत आहे. माझं अजून ठरलेलं नाही.

शाळेच्या मैदानावरून जात होतो. मुलं रांगेत. शिस्तराव पुढे, त्याची दोन माणसं बाजूला. मुलांच्या हातात लाकडाच्या बंदुका, रंगवलेल्या, पट्टा लावलेल्या. "खांद्यावर! खाली! नेम!" आणि ती पोरं नेम धरत होती. कुणाच्या नाकातून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मैदानाच्या कडेला मास्तर लोक उभे. ज्यांनी आम्हाला बेरीज शिकवली, सहलीला रस्ता ओलांडताना हात धरायला शिकवलं, तेच. एकाने तर ताल धरला होता पायाने.

माझं डोकं गेलं. आत घुसलो, धाकट्याच्या हातातली बंदूक ओढली आणि गुडघ्यावर आपटून मोडायला गेलो. मोडली नाही. गुडघा मोडल्यासारखा झाला. पोरं खो-खो हसली. मग मी लंगडत शिस्तरावाला जे जे तोंडाला येईल ते बोललो. पोरं चोरणारा म्हणालो. कपडे जाळून टाकीन म्हणालो. बाकीचं इथे लिहीत नाही, आई ही वही वाचते असा मला संशय आहे.

तो चिडला नाही. हीच त्याची शिस्त. दुकानात येऊन बाबांना शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमच्या थोरल्यामुळे इथलं वातावरण बिघडायला लागलंय. महिनाअखेरीला निघणार होतो, आता या रविवारीच निघतो. शनिवारी सगळे कपडे तयार हवेत. नसतील तर कापड आज उचलतो, दुसरे शिंपी आहेत."

"होतील तयार," बाबा म्हणाले.

"तुमच्या धाकट्याचं नाव आहे यात. चुणचुणीत पोरगा."

"हो," बाबा म्हणाले.

धाकटा माझ्याशी बोलत नाही. "सगळ्यांसमोर माझी लाज काढलीस," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, तुला मरायला नेतायत. तो म्हणाला, "तुला कुणीच कुठेच नेत नाही म्हणून जळतोस तू." सातवीतला मुलगा, आणि घाव बरोबर शिवणीवर.

मंगळवार

टाचणी माझ्यावर बरसली. टाचण्या काढून बरसली, एवढंच सुख.

"कॉलेजकुमार, तोंडाला काज करून बटण लावून देऊ का? मोफत देते. महिनाअखेरपर्यंत वेळ होता आपल्याकडे. ट्रक कुठल्या रस्त्याने जातो, मुलं आधी कुठे उतरवतात, सगळं तो माझ्याजवळ बोलायला लागला होता. आता चहासुद्धा घेत नाही. तुझ्या भावाला तू वाचवतोयस की स्वतःचा आवाज ऐकतोयस?"

मी म्हटलं, "आणि तो शर्ट कुणाचा?"

काय विचारलं मी हे! त्या वेळी! तीही थक्क झाली. मग तिने पिशवीतून शर्ट काढला आणि माझ्यासमोर टेबलावर पसरला. निळा, शाळेचा, मुलाचा. दोन्ही बाह्यांवर, मनगटापाशी, एकाखाली एक जुन्या दुमडीच्या फिक्या रेघा.

"माझ्या भावाचा. आमच्या तिकडच्या शाळेतून असाच ट्रकमधून गेला. त्याच्या वाढदिवसाला मी याची माया थोडी उसवते. आता एवढा झाला असेल, असं धरून." तिने बाही आतून उलटी केली. "आता आत कापड उरलं नाही."

बोलण्यासारखं होतं ते सगळं मी काल मैदानावर उधळून आलो होतो.

ती पुन्हा टाचण्या ओठांत धरायला लागली, मग थांबली. "इकडे ये. मान वर कर. हलू नकोस, टोचेल." आणि माझं वरचं बटण लावून दिलं. तिला दुकानात कुणाचं तुटलेलं बटण बघवत नाही. सवय आहे.

गुरुवार

बाबा वेड्यासारखे शिवतायत. मधल्या मशीनचा पट्टा आपोआप बरा झाला! सैल पट्टा, उलटं कापड, सगळी नाटकं माझ्यापुढे होती काय? शिस्तरावाने डोळे वटारले तशी म्हाताऱ्याची बोटं वीज झाली. मला इस्त्रीच्या टेबलावरूनही हाकललं. "गठ्ठे आम्ही दोघं बांधतो, तू बाहेरची कामं कर." आम्ही दोघं म्हणजे बाबा आणि टाचणी. तिच्या भावाची ती गत झाली आणि ती काज करतेय त्याच कपड्यांना! मला या जगातलं काहीही कळत नाही. कळणाऱ्यांनी जे करून ठेवलंय ते बघता न कळलेलंच बरं.

आज शाळेबाहेर धाकट्याला आणायला उभा होतो. घंटा झाल्यावर मुलं बाहेर आली, एकमेकांवर बोटं रोखून, तोंडाने ठो ठो करत. मीही लहानपणी केलंय ते. पण आम्ही मेलो की उठून घरी जायचो.

शुक्रवार

आता जे लिहितोय ते नीट लिहितो.

संध्याकाळी आई-बाबा बाहेर गेले होते. धाकट्याने गठ्ठ्याची गाठ सोडली. उद्याची वाट बघवेना त्याला. नमुन्याचा कपडा सोडून मधलाच एक ओढला, अंगात घातला आणि मोठ्याने रडायला लागला. मी धावत गेलो. आरशासमोर उभा होता. बाह्या बोटांच्याही खाली लोंबतायत. पँटचे पाय जमिनीवर लोळतायत. कॉलरमधून मान अशी बाहेर आलेली, अंड्यातून आल्यासारखी.

"दादा, बाबांनी वाट लावली! सगळे हसतील मला!"

मी दुसरा काढला. तिसरा काढला. सगळे तसेच. प्रत्येक गठ्ठ्यात वरचा तेवढा मापाचा, खालचे सगळे मोठ्या माणसाचे.

मग मी एक स्वतः घालून पाहिला. बाही मनगटावर येऊन थांबली. खांदा खांद्यावर बसला. उजव्या खांद्याला मी जरा उतरता आहे, तेवढा उतारसुद्धा होता. हे माझं माप होतं. बाबांनी माझं माप घेतल्याला दोन-तीन वर्षं झाली असतील.

बाबा दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. मी तो कपडा अंगात तसाच घेऊन त्यांच्याकडे वळलो.

ते आत आले, धाकट्याच्या लोंबत्या बाह्या वर करून त्याचे हात शोधून काढले, डोळे पुसले त्याचे. मला म्हणाले, "नाही म्हटलं असतं तर पुढच्या गल्लीत शिवले असते. मापात."

"म्हणून तो ताका..."

"चांगला होता तो. कापड जास्त लागणार होतं."

"पण माझं माप का?"

"तोंडपाठ होतं." खडूने माखलेली बोटं त्यांनी सदऱ्याला पुसली. "एवढी होऊ देत ती आधी. मग काय घालायचं ते त्यांचं ती ठरवतील."

धाकटा म्हणाला, "म्हणजे मला जाता येणार नाही?" आणि पुन्हा रडायला लागला. मी त्याला उचलून बसवलं कापायच्या टेबलावर आणि टाचणीचा भाऊ, निळा शर्ट, सगळं सांगितलं. न ओरडता. ओरडलो नाही म्हणून असेल, ऐकलं त्याने. शेवटी विचारलं, "तो शर्ट किती मोठा आहे?"

मी त्याच्या मनगटाच्या वर बोट ठेवलं. "इथपर्यंत होता."

तो आपलं मनगट बघत राहिला.

शनिवार

शिस्तराव तपासायला आला. वरचा कपडा उचलला, धाकट्याच्या पाठीला लावून बघितला, खूश झाला. धाकटा ताठ उभा. मग शिस्तरावाने खालच्या कपड्याला हात घातला.

टाचणीची सुई थांबली. बाबा कात्री पुसत होते ते पुसतच राहिले.

मी पुढे झालो. "साहेब, माझं चुकलं," म्हटलं. "त्या दिवशी मैदानावर. मला शिस्तच नाही हो." घशात उलटी यावी तसे शब्द येत होते. "तुम्ही मला दोन शब्द सांगा."

त्याने कपडा खाली ठेवला. कुणी उपदेश मागितला की या माणसांना तहानभूक राहत नाही. मला बाकावर बसवून तो बोलत राहिला. रक्त, माती, पुरुषार्थ, पुढची पिढी. मी मान डोलवत होतो आणि मनात त्याचं माप घेत होतो, तिरडीचं. बोलून झाल्यावर पाठीवर थाप मारली. ती जागा अजून किळसवाणी वाटते. जाताना बाबांना म्हणाला, "गठ्ठे उद्या सकाळी मैदानावर द्या. मुलं तिथेच बदलतील."

तो गेल्यावर टाचणी म्हणाली, "आज बरा बोललास." टाचण्या तोंडात ठेवून म्हणाली, पण म्हणाली.

मग ती चप्पल घालून निघाली. शिबिराला मुलं ज्या घरांतून जाणार त्या प्रत्येक घरी. आयांना एवढंच सांगत फिरली की उद्या मैदानावर या, पोराच्या शर्टाची बटणं आपल्या हाताने लावा, चांगलं असतं. तेवढ्यावर येतील? मी इतकं ओरडलो तेव्हा कुणी आलं नव्हतं. ती म्हणते, येतील. पोराच्या कपड्यात हात घातला की आईला सगळं कळतं म्हणते.

रविवार

उजाडलंय. हातगाडीवर गठ्ठे चढवून झाले.

बाबा स्वतः जाणार होते. मी म्हटलं, मी जातो. "तुझं डोकं?" म्हणाले. म्हटलं, बटण लावलंय. टाचणी खाली बघून हसली. ती मैदानावर आधीच पुढे गेलीय, फाटकापाशी उभी राहणार आहे आयांबरोबर. निळा शर्ट बरोबर घेऊन गेलीय.

कपडे घातल्यावर काय होईल मला माहीत नाही. शिस्तराव एका मिनिटात ओळखेल की हे चुकून झालेलं नाही, आणि समोर गठ्ठे घेऊन उभा असेन मी. त्याच्याबरोबरच्या दोघांच्या बंदुका लाकडाच्या नाहीत. पण त्याआधी ते एक मिनिट असेल. बाह्यांत हरवलेली सगळी पोरं रांगेत, आणि समोर त्यांच्या आया, हातात बटण धरून. त्या मिनिटात जर कुणाला दिसलं नाही की ही पोरं आहेत, तर मग या गावाला डोळे कशाला दिलेत!

आईने धाकट्याचे बूट रात्रीच लपवलेत. त्याची गरज नव्हती. तो शाळेचा साधा सदरा घालून टेबलावर बसलाय, बाहीच्या आतली दुमड बोटाने चाचपत.

"दादा, मी येऊ? मी पहिला घालतो. मला हसतील, मग सगळ्यांना कळेल."

"नाही."

"का?"

"लहान आहेस तू."

आठवडाभरापूर्वी याच वाक्यावर त्याने माझं तोंड बघितलं नसतं. आज नुसता म्हणाला, "ते तुझ्यावर चिडतील."

"चिडू देत. तू इथेच बस. बाबांजवळ."

गाडीवाला हाका मारतोय. वही मशीनच्या खणात ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.